रूली होल्टिंगचे आठ दिवस

जर्मन सरहद्दीलगतच्या कूफोर्डन गावात चाळिशीच्या आतला कोणीही माणूस रस्त्यात भेटला, की रूलीबाई होल्टिंग त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या कानांकडे बघत. "तू दे फ्रीसांचा मधला ना? तुझा डावा कान जन्मतःच दुमडलेला होता. मी आठ दिवस पट्टी लावून सरळ केला," असं त्या भर बाजारात, चीजच्या गाडीसमोर, त्याच्या बायकोदेखत सांगत. तो माणूस लाजून हसे आणि नकळत कानाला हात लावी. मग रूलीबाईंचा दिवस चांगला जाई.

एक्केचाळीस वर्षं त्या बाळंतिणीची बाई होत्या. सुईण येई, बाळंतपण करी, सायकलला टांग मारून निघून जाई. त्यानंतरचे आठ दिवस घर रूलीबाईंचं. विम्यातून येणारी बाई, पण घरात शिरली की मालकीण. टाके बघायचे, ताप बघायचा, धुणं, बाळाची आंघोळ, पलंगाखाली लाकडी ठोकळे घालून तो कमरेइतका उंच करायचा. पाहुण्यांना लोणी लावलेल्या टोस्टवर बडीशेपेच्या गोळ्या, मुलगी असली तर गुलाबी, मुलगा असला तर निळ्या, घालून द्यायच्या आणि अर्ध्या तासात वाटेला लावायचं, मग ती सासू असो की पाद्री. तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, अंग तापतं आणि बायका उगाच रडतात. तेव्हा रूलीबाई घड्याळ काढून म्हणत, "रड. दहा मिनिटं दिली. मग पाजायचं." बायका त्यांना घाबरत आणि नवव्या दिवशी त्या निघाल्या की दारात उभ्या राहून पुन्हा रडत. या दुसऱ्या रडण्याची रूलीबाईंना सवय झाली होती. दर पंधरवड्याला कोणीतरी आपल्यासाठी रडावं, ही सवय काही साधी नसते.

सदुसष्टाव्या वर्षी कंपनीनं त्यांना फुलं दिली आणि घरी बसवलं. जाता जाता दानिक नावाची, त्यांनीच हाताखाली तयार केलेली मुलगी, सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आता बाळाला असं घट्ट गुंडाळत नाहीत हं, रूलीबाई." सगळे हसले. रूलीबाईही हसल्या. घरी येऊन त्यांनी ती फुलं तशीच कागदासकट कचऱ्यात घातली.

नवरा बेरेंड त्याआधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. संडासात, जशी इथं सगळ्यांच्या घरी असते तशी, वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली होती. दुसऱ्यांच्या दिनदर्शिकेत वीस-पंचवीस नावं असतात. रूलीबाईंच्या दिनदर्शिकेत त्यांनी सांभाळलेली सगळी बाळं होती; जागा पुरेना म्हणून समासातही नावं होती. तीन वर्षांत मात्र त्यात एका नावाची भर पडली नव्हती.

मार्चमधल्या एका सकाळी त्या दुकानात बटाटे घेत होत्या. शेजारी एक काळ्याभोर केसांची मुलगी फळीला हात टेकून श्वास घेत उभी होती. जाड कोट, पुढून ओढून धरलेला.

"सव्वीस आठवडे," रूलीबाई म्हणाल्या.

मुलगी दचकली. तिला भाषा कळली नव्हती, पण नजर कळली. रूलीबाईंनी तेच जर्मनमध्ये विचारलं. सरहद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ती भाषा त्यांना येत होती. मुलगी शाळेत जर्मन शिकलेली होती. "पंचवीस," ती कुजबुजली. "तुम्हाला कसं कळलं? मी तर कोणाला सांगितलं नाही. आमच्याकडे पोट दिसेपर्यंत सांगत नाहीत. दृष्ट लागते."

"माझी लागत नाही. कोट काढ, उकडतंय तुला."

तिचं नाव रादोस्तिना. बल्गेरियातल्या यांबोल गावची, शिवणकाम करणारी. शिवणाच्या कारखान्यात मालक कागदावर काही दाखवायचाच नाही, त्यामुळे तिकडचा विमा बंद पडलेला. नवरा प्लामेन इकडे मालमोटार चालवायचा आणि कंपनीच्या खोलीत चार पुरुषांबरोबर झोपायचा. तिथं बाईला उभं करत नसत. आठवडाभर ती दोघं त्याच्या मित्राच्या गाडीत झोपली होती.

रूलीबाईंनी तिथंच, बटाट्यांसमोर, माळ्यावरची खोली देऊ केली. भाडं नावापुरतं. रादोस्तिनानं त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला आणि त्या दिवसापासून त्यांना मावशी म्हणू लागली. त्या संध्याकाळी रूलीबाईंनी संडासातल्या दिनदर्शिकेत, जूनच्या पानावर, पेन्सिलीनं एक छोटा "र" लिहिला.

एप्रिल संपता संपता सुईण पहिल्यांदा घरी आली. येत्स्के तिचं नाव, फ्रीसलंडकडची, उंच, सरळ बोलणारी. तिनं पोट तपासलं, ठोके ऐकवले आणि मग खुर्ची ओढून समजावून सांगितलं. रूलीबाई शेजारी बसून जर्मनमध्ये सांगत होत्या.

"हे बघ. तू या गावात राहतेस अशी नगरपालिकेत नोंद झाली पाहिजे. नोंद झाली की विमा घेता येतो, आणि विमा झाला की बाळंतपण, दवाखाना, सगळं त्यातून. नोंद बाळंतपणाच्या आदल्या दिवशी झाली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी झाली तर मात्र काय लागेल ते तुमच्या खिशातून. मी येईनच, माझं काही नाही. पण रुग्णवाहिका लागली, दवाखाना लागला, तर ते बिल तुम्हाला आयुष्यभर पुरेल."

"नोंदीला काय लागतं?" रादोस्तिनानं विचारलं.

"घरमालकिणीची सही. म्हणजे होल्टिंगबाईंची. एक कागद." येत्स्के रूलीबाईंकडे बघून हसली. "आणि तुम्हालाही सुटका. विमा झाला की तुमच्याच जुन्या कंपनीची बाई येईल आठ दिवस. हा भाग आता दानिककडे आहे. तुम्ही आता पाय वर करून बसा!"

रूलीबाईंनी कॉफीचे कप उचलले. दानिक येणार हे काही त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं नाही.

दानिक. या घरात. आपल्याच जिन्यानं वर जाणार, आपल्या पलंगाखालचे ठोकळे बघून ओठ मुडपणार, बाळाचं गुंडाळलेलं सोडून पुन्हा सैल करणार. आणि आपण खाली बसून टोस्टला लोणी लावायचं का? रूलीबाईंनी कप इतके जोरात विसळले की एकाचा कान तुटला.

दोन दिवसांनी रादोस्तिना नगरपालिकेतून कागद घेऊन आली. नाव, पत्ता, तारीख सगळं भरलेलं. खाली एक रिकामी ओळ. तिनं तो टेबलावर ठेवला आणि पेनही आणलं होतं तेही ठेवलं.

"असं पटकन नाही होत, पोरी," रूलीबाई म्हणाल्या. "हे घर माझं नाही, भाड्यानं घरं देणाऱ्या संस्थेचं आहे. पोटभाडेकरू ठेवलेला त्यांना कळला तर सदतीस वर्षांचं घर जाईल. आधी त्यांची परवानगी काढते. मग सही."

"किती दिवस लागतील, मावशी?"

"बघू. पत्र टाकते आज."

पत्र त्यांनी टाकलं नाही. टाकायचं नाही असंही काही त्यांनी ठरवलं नव्हतं. उद्या टाकू म्हणाल्या, मग सोमवारी म्हणाल्या, मग नाहीच टाकलं. संस्थेच्या तिमाही पत्रकात, शेवटच्या पानावर, राहत्या घरातली एक खोली भाड्यानं द्यायची असेल तर काय करायचं हे लिहिलेलं असे. ते पत्रक रूलीबाई बटाट्याची सालं गुंडाळायला वापरत.

मेच्या मध्यावर प्लामेन आनंदानं नाचत आला. त्याच्या सोबतच्या चालकाची बहीण, वेसेला, जवळच्याच एमेन गावी राहत होती. तिच्याकडे एक खोली मोकळी होत होती आणि नोंदही करता येणार होती. "शनिवारपर्यंत सांगायचंय. सामान काय, दोन पिशव्या!"

रादोस्तिनानं मावशीकडे पाहिलं.

"जा की," रूलीबाई म्हणाल्या आणि पाव कापत राहिल्या. "मी कोण अडवणार? फक्त एक विचारते. ही वेसेला, तिनं कधी बाळंतीण सांभाळली आहे?"

"ती कोंबड्यांच्या कारखान्यात आहे," प्लामेन म्हणाला.

"अच्छा. म्हणजे पंखांची माहिती आहे." त्यांनी पाव ताटलीत ठेवला. "आठव्या महिन्यात जिने चढायचे, नवी सुईण शोधायची. तू चार-चार दिवस फ्रान्समध्ये. रात्री हिचं पाणी गेलं तर ही काय करणार, कोंबड्यांना फोन करणार? इथं मी आहे. एक्केचाळीस वर्षं हेच केलंय. आठ दिवस मी करीन तिचं, एक छदाम न घेता. आणि संस्थेचं उत्तर आलंच आहे म्हणा. बाई फोनवर म्हणाली, याच आठवड्यात."

असा काही फोन झाला नव्हता.

रादोस्तिना रडली, हसली आणि प्लामेनच्या खांद्यावर चापट मारून म्हणाली, "वेड्या, मावशी असताना मी कोंबड्यांकडे कशाला जाऊ?"

त्यानंतर दर शुक्रवारी ती पत्रपेटीतली पत्रं घेऊन वर यायची. "आलं का?" असं विचारायचं तिनं सोडून दिलं. नुसती पत्रं टेबलावर ठेवून उभी राहायची. रूलीबाई ती चाळून म्हणायच्या, "सरकारी काम आहे बाळा. तू पाय वर ठेव, सुजलेत." आणि खरोखरच तिचे पाय मांडीवर घेऊन चोळायच्या. वेलचीएवढ्या टाचा असलेले मोजे विणून झाले. पलंगाखाली ठोकळे लागले. माळ्यावरचं ते घर इतकं नीटनेटकं, इतकं उबदार झालं की रादोस्तिनाला त्यातून बाहेर पडायचा धीर होईना.

एक दिवस समोरची हेनी डोकावली. हेनी म्हणजे गल्लीचा दिवा, सगळ्यांवर उजेड पाडणारी.

"रूली, तुझ्या माळ्याच्या खिडकीचा पडदा भर दुपारी बंद! कोणी गेलं की काय वर?"

या गल्लीत दिवसा पडदे ओढायची पद्धत नाही. लपवण्यासारखं काही नाही, हे काचेतून दिसलं पाहिजे. पडदा रादोस्तिनानं ओढला होता, दृष्टीच्या भीतीनं.

"पाहुणी आहे. झोपलीय."

"अगंबाई! किती दिवस झोपणार? ईस्टरपासून बंद आहे."

"तू मोजत बसलीस तर बरेच दिवस," रूलीबाई म्हणाल्या आणि दार लावलं.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी नऊला कळा सुरू झाल्या. येत्स्के अकराला आली. प्लामेन बेल्जियममधून निघाला होता. रूलीबाईंनी कोरा पांढरा झगा घातला, जो कंपनीला परत द्यायचा असतो आणि त्यांनी दिला नव्हता. त्या सकाळी त्या दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या. कपाळ पुसत होत्या, पाठ दाबत होत्या, "आता ढकल, आता थांब" हे येत्स्केच्या आधी सांगत होत्या. येत्स्केनं दोनदा त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"नोंद झाली ना हिची?" कळांच्या मधल्या शांततेत तिनं विचारलं. "मी मागच्या वेळीही विचारलं होतं."

"होईल उद्या," रूलीबाई म्हणाल्या.

"उद्या?" येत्स्के काही बोलणार तेवढ्यात पुढची कळ आली.

सव्वा वाजता मुलगा झाला. मोठ्या आवाजाचा, काळ्या केसांचा, कान अगदी सरळ. रूलीबाईंनी त्याला पुसलं, घट्ट गुंडाळलं आणि आईच्या छातीवर ठेवलं. "बघ," त्या म्हणाल्या, "कशाला हवा होता तुला कागद?"

पण बाळामागून वार पडली नाही. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. येत्स्केनं इंजेक्शन दिलं, पोट चोळलं. मग चादरीवर जो लाल डाग होता तो मोठा होऊ लागला, आणि मोठा होताना डोळ्यांना दिसावा इतक्या वेगानं. येत्स्केनं फोन उचलला. रुग्णवाहिकेतली माणसं त्या अरुंद जिन्यावरून रादोस्तिनाला कापडी झोळीत घालून खाली आणताना हेनी दारात उभी होती.

दवाखान्यात येत्स्के डॉक्टरांना माहिती देत आत गेली. रादोस्तिनाची खाट दारापाशी क्षणभर थांबवली होती, कारण नाव नोंदवून घेणाऱ्या खिडकीतल्या माणसाला चार ओळी भरायच्या होत्या. रूलीबाई बाळ घेऊन खिडकीशी उभ्या होत्या.

"विमा क्रमांक?"

"नाही."

"पत्ता? ही बाई तुमच्याकडे राहते का?"

हो म्हटलं की पुढचा प्रश्न 'कधीपासून' असा येणार. मार्चपासून म्हटलं की त्याच्या पुढचा, नोंद का नाही. मागं येत्स्के येतच होती. एक्केचाळीस वर्षांत एकही बाळंतीण आपल्याशी खोटं बोललेली रूलीबाईंनी खपवून घेतली नव्हती.

"पाहुणी आहे," त्या म्हणाल्या. "परवा आली."

"म्हणजे बाहेरदेशची, मुक्कामी." माणसानं ते बोटांनी ठोकून लिहिलं. "मग बिल तिच्या नावानं."

खाटेवर पांढऱ्याफटक पडलेल्या रादोस्तिनानं मान वळवली. तीन महिन्यांत तिला एवढी भाषा आली होती.  तिनं फक्त हात पुढे केला, बाळाकडे. रूलीबाईंनी बाळ दिलं नाही, म्हणाल्या, "आता नाही, तू पडशील." आणि खाट आत गेली.

तिला वाचवलं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. रूलीबाईंना दुसऱ्या दिवशी भेटू दिलं नाही. बाळंतीण नको म्हणते, एवढंच सांगण्यात आलं.

बुधवारी दुपारी प्लामेन घरी आला. बाहेर त्याच्या मित्राची गाडी उभी होती, मागच्या बाजूला रादोस्तिना बाळ घेऊन बसली होती. प्लामेननं दोन पिशव्या माळ्यावरून आणून दाराशी ठेवल्या. मग खिशातून घडी केलेले कागद काढले.

"मी संस्थेत गेलो होतो," तो म्हणाला. मोडक्या भाषेत, पण प्रत्येक शब्द घोटून आणलेला. "बाई चांगली होती. म्हणाली, एका खोलीची परवानगी मिळते. एक पान अर्ज. पंधरा दिवस. म्हणाली, होल्टिंगबाईंचा अर्ज आलाच नाही. कधीच नाही."

रूलीबाईंनी टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले.

"आम्ही आज एमेनला जातो. नोंद आजपासून होते. पण रविवार आजच्या आधी आहे. येत्स्केबाईनं लिहून दिलंय, ती मार्चपासून इथंच होती. वरच्या कार्यालयात अर्ज करायचा. ते कदाचित मान्य करतील, बिल विम्यातून जाईल. पण दवाखान्यात लिहिलंय, परवा आली. म्हणून तुमचं पत्र पाहिजे. सही. एवढीच." त्यानं कागद टेबलावर सरळ केला. "घर जाणार नाही तुमचं. मी विचारलं."

रूलीबाईंनी चष्मा लावला. वाचलं. मी दवाखान्यात सांगितलेली माहिती खरी नव्हती, असं दुसऱ्याच ओळीत होतं. त्यांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं.

"तिला ताप आहे का?"

"थोडा."

"दूध?"

"छाती दगड झालीय. रडते."

"रडणारच. तिसरा दिवस आहे." रूलीबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "एमेनला तिचं कोण करणार? ती कोंबड्यांची? हे बघ, प्लामेन, मी सही करते. आत्ता करते. पण तिला वर आण. आठातले पाच दिवस उरलेत, ते मला करू दे. मग तुम्ही जा कुठं जायचं तिथं. मी शब्द दिला होता तिला आठ दिवसांचा."

प्लामेन त्यांच्याकडे बघत राहिला. मग जिना उतरून खाली गेला. रूलीबाई खिडकीतून बघत होत्या. तो गाडीच्या काचेशी वाकला. रादोस्तिनानं ऐकून घेतलं. विचार करायला तिला वेळ लागला नाही. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

तो परत वर आला. "ती म्हणते, नको."

"काय नको? सही?"

"तुम्ही."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मावशी," प्लामेन म्हणाला, आणि हे त्यानं पहिल्यांदाच म्हटलं, "ते ती म्हणाली. मी नाही. मी सांगतो, सही करा. दहा वर्षं मी ते बिल फेडणार आहे. दहा वर्षं. तुम्हाला एक ओळ आहे."

रूलीबाईंनी पेनाला टोपण लावलं. हळूच, फिरवून, घट्ट होईपर्यंत.

"तिला सांग, ताप वाढला तर कोबीची पानं थंड करून छातीला लाव," त्या म्हणाल्या. "आणि बाळाला सैल गुंडाळू नका."

प्लामेननं कागद उचलला नाही. पिशव्या उचलल्या. दार त्यानं आपटलं नाही, नीट लावून घेतलं.

गाडी गेल्यावर रूलीबाई माळ्यावर गेल्या. रविवारपासून तिकडं फिरकल्या नव्हत्या. चादर तशीच होती, डाग वाळून तपकिरी, कडक झालेले. त्यांनी ती सोडवली, खाली आणून टबात घातली आणि नळ सोडला, थंड पाण्याचा. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसतो, हे त्यांनी शंभर नव्या मुलींना शिकवलं होतं. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून त्या कापड चोळू लागल्या.

"रडेल," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "आज रात्रभर रडेल. आणि घड्याळ लावून थांबवणारं तिथं कोणी नाही."

पाणी लाल झालं. त्यांनी ते सोडून दिलं आणि दुसरं घेतलं.